बुकमार्कच्या खोक्यातील चित्र पुन्हा पुन्हा बिघडते: धूसर, ताणलेल्या आणि कापलेल्या थंबनेलची कारणे व उपाय

नव्या टॅबच्या पानावर आवडत्या संकेतस्थळांची चित्रमय खोकी मांडून ठेवण्याची सोय ऑपेरा ब्राउझरने २००७ मध्ये स्पीड डायल या नावाने आणली आणि पुढे ती कमीअधिक फरकाने इतर ब्राउझरांतही आली. या खोक्यातले लहान चित्र, म्हणजेच थंबनेल, ब्राउझर सहसा स्वतःच तयार करतो. तो ते पान उघडतो, वरच्या भागाचा स्क्रीनशॉट घेतो आणि लहान करून खोक्यात बसवतो. बातम्यांच्या संकेतस्थळासाठी एवढे पुरते. परंतु बँक, वीजबिल, सातबारा, रेल्वे आरक्षण, भविष्य निर्वाह निधी अशा ठिकाणी ब्राउझरच्या हाती लागते ते लॉगिनचे पांढरे पान किंवा कुकीजची परवानगी मागणारी पट्टी, आणि मग एका ओळीतली सगळी खोकी सारखीच दिसू लागतात. म्हणून अनेकजण साध्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे चित्र बनवून लावतात. तेव्हा दुसरी तक्रार सुरू होते: संपादकात, म्हणजे चित्र बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्वच्छ दिसलेले चित्र खोक्यात गेल्यावर धूसर होते, आडवे किंवा उभे ताणले जाते, त्याच्या कडा कापल्या जातात, किंवा काही दिवसांनी ते नाहीसे होऊन जुनेच पांढरे पान परत येते.

या लेखात उदाहरणासाठी विंडोजवरील विवाल्डी ब्राउझर घेतला आहे, कारण त्यात प्रत्येक बुकमार्कला, म्हणजे जतन केलेल्या पत्त्याला, संगणकावरील कोणतेही चित्र लावता येते. चित्र बनवण्यासाठी पेंट, इरफानव्ह्यू आणि गिम्प यांपैकी जे हाताशी असेल ते पुरेसे आहे. फायरफॉक्स आणि क्रोम यांच्या मर्यादा वेगळ्या असल्यामुळे त्यांचा विचार शेवटी केला आहे.

आधी दोष कोणता आहे हे ओळखा

चित्र वारंवार बिघडण्याचे मुख्य कारण असे की खोक्याचा आकार ठाऊक नसताना चित्र बनवले जाते, आणि मग ते नीट बसेना की त्याच चित्राला पुन्हा ताणून, पुन्हा कापून, पुन्हा जतन केले जाते. अशा प्रत्येक फेरीत मूळ तपशील थोडा थोडा नाहीसा होतो. त्यामुळे खऱ्या चित्राला हात लावण्यापूर्वी एक चाचणीचे चित्र बनवून खोक्यात घालून पाहावे, असा माझा आग्रह आहे.

पेंट उघडून कंट्रोल आणि ई या कळा एकत्र दाबल्यावर चित्राच्या मापांची चौकट उघडते. तिथे एकक पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, निवडून रुंदी ४४० आणि उंची ३६० द्यावी. विवाल्डीने स्पीड डायलच्या चित्रासाठी हेच माप सुचवले आहे. चारही कडांना सुमारे १० पिक्सेल जाडीच्या पट्ट्या काढाव्यात, आणि प्रत्येक पट्टीला वेगळा रंग द्यावा, म्हणजे कोणती कड गेली हे लगेच कळते. मधोमध लंबवर्तुळाचे साधन घेऊन शिफ्ट दाबून ठेवत एक वर्तुळ काढावे. शिफ्ट दाबल्याने ते अचूक गोल येते. हे चित्र पीएनजी या प्रकारच्या फाइलमध्ये जतन करून एखाद्या बुकमार्कला लावावे आणि पडद्यावर काय दिसते ते नीट पाहावे.

डावी आणि उजवी पट्टी दिसत नसेल, तर खोके चित्राच्या मानाने अरुंद आहे आणि ब्राउझर उरलेला भाग कापत आहे. वरची आणि खालची पट्टी गेली असेल, तर खोके चित्राहून पसरट आहे. वर्तुळ अंडाकृती दिसले, तर चित्र कापले न जाता ताणले जात आहे. पट्ट्या सगळ्या शाबूत आहेत पण चित्राच्या दोन बाजूंना मोकळी जागा उरली आहे, असे असेल तर ब्राउझर चित्र पूर्ण मावेल इतके लहान करून मध्ये ठेवतो आहे. आणि वर्तुळ गोल, पट्ट्या पूर्ण, फक्त कडा पुसट, असे असेल तर आकार बरोबर आहे आणि दोष पिक्सेलच्या संख्येत किंवा फाइलच्या प्रकारात आहे. खोक्याचे कोपरे गोलसर असतील तर चार कोपरे थोडे झाकले जाणारच. तो दोष मानू नये, फक्त तिथे मजकूर ठेवू नये.

खोक्याचे माप मुळीच ठाऊक नसलेल्या ब्राउझरसाठीही हीच चाचणी चालते. विंडोज, शिफ्ट आणि एस या कळांनी खोक्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, तो पेंटमध्ये चिकटवावा आणि निवडीच्या साधनाने खोक्याभोवती चौकट ओढावी. खालच्या पट्टीवर त्या चौकटीची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये दिसते. या दोन आकड्यांचे गुणोत्तर हाच त्या खोक्याचा खरा आकार होय.

ताणलेले आणि कापलेले चित्र

४४० आणि ३६० यांचे गुणोत्तर ११ : ९ आहे. बहुतेक लोक चित्र मिळवतात ते पूर्ण पडद्याच्या स्क्रीनशॉटमधून, आणि आजचे पडदे बहुधा १६ : ९ असतात. १९२० × १०८० चा स्क्रीनशॉट पेंटमध्ये थेट ४४० × ३६० केला, तर उंची एक तृतीयांश होते पण रुंदी त्याहून कितीतरी जास्त आक्रसते. त्यामुळे मुळात गोल असलेले बोधचिन्ह उंचीच्या सुमारे ६९ टक्केच रुंद उरते. आकार बदलण्याच्या चौकटीतील गुणोत्तर कायम ठेवण्याची खूण काढून टाकली की हे घडते, आणि हवे ते दोन्ही आकडे टाइप करता यावेत म्हणून ती खूण जवळजवळ प्रत्येकजण काढतो.

योग्य क्रम असा की आधी कापावे आणि मग लहान करावे. १०८० उंचीच्या चित्रात ११ : ९ साठी रुंदी १०८० × ११ ÷ ९ म्हणजे १३२० हवी. म्हणून १९२० पैकी ६०० पिक्सेल कापायचे आहेत. मजकूर मध्यभागी असेल तर दोन्ही बाजूंनी ३००, आणि बोधचिन्ह डाव्या कोपऱ्यात असेल तर सगळेच्या सगळे उजवीकडून. कापलेले १३२० × १०८० चे चित्र नेमके तिपटीने लहान केले की ४४० × ३६० मिळते, गुणोत्तराची खूण न काढताच. लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८ असेल तर रुंदी ९३९ ठेवावी लागते. तिथे एखाद्या पिक्सेलचा फरक राहिला तरी डोळ्यांना कळत नाही.

गिम्पमध्ये हा हिशेब करण्याचीही गरज नाही. क्रॉपचे, म्हणजे कापण्याचे, साधन घेऊन त्याच्या पर्यायांत ठरावीक गुणोत्तर ही खूण करावी आणि शेजारच्या रकान्यात ११:९ लिहावे. त्यानंतर चौकट कितीही लहानमोठी ओढली तरी तिचा आकार बदलत नाही. इरफानव्ह्यूमध्ये शिफ्ट आणि सी या कळांनी निवडीची चौकट आकडे आणि गुणोत्तर देऊन आखता येते, तर कंट्रोल आणि आर या कळांनी चित्राचे माप बदलता येते. पेंटमध्ये मात्र चौकट हातानेच ओढावी लागते, म्हणून खालच्या पट्टीवरील आकड्यांकडे लक्ष ठेवावे.

संकेतस्थळाचे चौकोनी बोधचिन्ह वापरायचे असेल तर कापण्याचा प्रश्न येत नाही. तिथे कॅनव्हास, म्हणजे चित्राखालचा कोरा पृष्ठभाग, वाढवावा लागतो. ५१२ × ५१२ चे चिन्ह आधी २६० × २६० करावे. मग ४४० × ३६० चा एकरंगी कॅनव्हास घेऊन ते त्यावर डावीकडून ९० आणि वरून ५० पिक्सेलवर ठेवावे, म्हणजे ते बरोबर मधोमध येते आणि चारही बाजूंना कापले जाण्याइतकी जागा सुटते. मला स्वतःला स्क्रीनशॉटपेक्षा हीच पद्धत अधिक पटते. स्क्रीनशॉटमधली बारीक अक्षरे खोक्यात वाचता येत नाहीत, म्हणून त्यांचा उपयोग नाही, आणि लॉगिन केल्यानंतरचा स्क्रीनशॉट लावला तर त्यात आपले नाव, ग्राहक क्रमांक किंवा शिल्लक रक्कम राहून जाते. नवा टॅब उघडला की ती माहिती शेजारी बसलेल्या प्रत्येकाला दिसते. बँकेच्या पानाचे थंबनेल लॉगिननंतरच्या पानावरून कधीही बनवू नये.

आकार बरोबर, तरीही धूसर

धूसरपणाची तीन कारणे वारंवार आढळतात, आणि पहिले कारण पडद्याच्या मापनाशी निगडित आहे. विंडोजमध्ये मजकूर मोठा दिसावा म्हणून १२५, १५० किंवा २०० टक्के असे प्रमाण ठेवलेले असते. २२० पिक्सेल रुंद म्हणून आखलेले खोके १५० टक्के प्रमाणावर ३३० आणि २०० टक्क्यांवर ४४० खरे पिक्सेल व्यापते. म्हणून खोक्याइतकेच, म्हणजे २२० चे चित्र दिले की पडदा ते फुगवून दाखवतो आणि कडा पुसट होतात. विवाल्डीच्या मांडणीत खोकी मोठी करून ठेवली असतील, तर ८८० × ७२० चे चित्र देऊन पाहावे. गुणोत्तर तेच राहत असल्याने काहीही कापले जात नाही.

दुसरे कारण म्हणजे मूळ चित्रच लहान असणे. टॅबवर दिसणारे चिन्ह बहुधा १६, ३२ किंवा ४८ पिक्सेलचे असते. ते मोठे करून कोणतेही सॉफ्टवेअर त्यात नसलेला तपशील आणू शकत नाही. पेंटमध्ये दहापट केलेले चिन्ह मोठे होते, स्वच्छ होत नाही. अशा वेळी त्या संस्थेच्या पानावर एसव्हीजी प्रकारचे बोधचिन्ह मिळते का पाहावे, कारण ते रेषांच्या वर्णनातून बनलेले असल्याने कोणत्याही मापात स्वच्छ उमटते. गिम्प असे चित्र उघडताना माप विचारतो. तिथेच हवे ते मोठे माप द्यावे, लहान उघडून नंतर वाढवू नये. एसव्हीजी न मिळाल्यास ते पान ब्राउझरमध्ये २०० किंवा ३०० टक्के मोठे करावे आणि मग फक्त बोधचिन्हाचा स्क्रीनशॉट घ्यावा. पानावरचे चिन्ह पुरेशा मापाचे असेल तर या साध्या उपायाने बराच फरक पडतो.

तिसरे कारण जेपीजी. हा प्रकार छायाचित्रांसाठी उत्तम आहे, परंतु तो चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करून त्यांतील बारकावे गाळतो आणि रंगाची माहिती बहुधा उजळपणाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवतो. त्यामुळे पांढऱ्यावरची लाल किंवा निळी अक्षरे, म्हणजे बोधचिन्हांत नेमके जे असते तेच, कडेला डागाळतात. तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडून जतन केली तर डाग वाढत जातात. बोधचिन्ह, मजकूर आणि सपाट रंग यांच्यासाठी पीएनजीच वापरावे. घरच्या किंवा गावाच्या छायाचित्राचे थंबनेल करायचे असेल तर जेपीजी चालेल, पण लहान करण्याचे काम नेहमी मूळ फाइलवरूनच करावे. फोनवरून आलेले छायाचित्र खोक्यात आडवे पडत असेल, तर त्याची दिशा फाइलमध्ये केवळ सूचना म्हणून नोंदलेली असते. ते संपादकात उघडून, सरळ करून नव्याने जतन केल्यावर प्रश्न मिटतो.

देवनागरी मजकूर लिहिताना

बोधचिन्हाऐवजी खोक्यात मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिणे हा मला सर्वांत टिकाऊ मार्ग वाटतो, विशेषतः घरातल्या ज्येष्ठांच्या संगणकावर. हिरव्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत ७/१२, पिवळ्यावर काळ्या अक्षरांत वीज, निळ्यावर रेल्वे असे लिहिले की चष्मा न लावताही खोके ओळखू येते. मात्र देवनागरीला रोमन लिपीपेक्षा जास्त उंची लागते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार येतात, आणि चित्र निम्मे झाले की हेच भाग सर्वांत आधी एकमेकांत मिसळतात. सडपातळ वळणाच्या टंकात (फॉन्टमध्ये) एका पिक्सेलची शिरोरेषा लहान करताना करडी होऊन विरून जाते.

म्हणून मजकूर सर्वांत शेवटी, चित्र अंतिम मापाचे झाल्यावरच लिहावा. मोठ्या चित्रावर लिहून मग लहान करू नये. टंक जाड वळणाचा घ्यावा. विंडोजमधील निर्मला यूआयचे ठळक वळण चालते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतात आणि त्यांची जाड वळणे लहान मापातही ठसठशीत राहतात. ४४० रुंदीच्या चित्रात अक्षरांची उंची ९० ते १२० पिक्सेल ठेवली तर एकदोन छोटे शब्द आरामात मावतात. तिसरा शब्द घालण्याचा मोह टाळावा. मजकूर मधोमध आणताना सॉफ्टवेअरने दाखवलेल्या मजकुराच्या चौकटीवर विसंबू नये, कारण त्या चौकटीत वरच्या मात्रांची आणि खालच्या उकारांची रिकामी जागाही धरलेली असते. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा भाग डोळ्यांनी मध्यावर आणावा.

जोडाक्षरे फुटून हलन्त चिन्हासह दिसत असतील तर दोष टंकात नसून, बहुधा ते सॉफ्टवेअर भारतीय लिप्यांची जोडणी करत नाही. गिम्पमध्ये जोडाक्षरे व्यवस्थित उमटतात. तोच शब्द गिम्पमध्ये लिहून पीएनजी करून घेणे हा सोपा मार्ग आहे.

पारदर्शक पार्श्वभूमी आणि फसवी फाइल

बोधचिन्ह पांढऱ्या चौकोनात अडकलेले दिसते किंवा गडद थीम लावताच नाहीसे होते, या दोन्ही तक्रारींचे मूळ पारदर्शकतेत आहे. जुन्या पेंटला पारदर्शकता कळत नसे. पारदर्शक पीएनजी उघडून जतन केली की मोकळी जागा पांढरी होई. विंडोज ११ मधील पेंटला २०२३ मध्ये थर आणि पारदर्शकता मिळाली, पण जुन्या संगणकांवर अजून जुनेच पेंट आहे. उलट, काळे बोधचिन्ह पारदर्शकच ठेवले तर गडद पार्श्वभूमीवर ते काळ्यावर काळे होते. थंबनेलसाठी पारदर्शकता ठेवूच नये. पार्श्वभूमीला एक ठाम रंग द्यावा, म्हणजे थीम कोणतीही असली तरी खोके सारखेच दिसते.

चित्र निवडूनही खोके रिकामे राहत असेल तर फाइलचा प्रकार तपासावा. आज संकेतस्थळांवरून उतरवलेली पुष्कळ चित्रे वेबपी प्रकारची असतात. त्यांच्या नावातील शेवटची अक्षरे बदलून पीएनजी लिहिल्याने आतला मजकूर बदलत नाही. फाइल संपादकात उघडून पीएनजी म्हणून नव्याने जतन करावी लागते. विंडोज नावाचा हा शेवटचा भाग मुळातच लपवून ठेवतो, म्हणून फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून तो आधी दिसता करावा. गिम्पमध्ये जतन करण्याची आज्ञा फक्त एक्ससीएफ ही त्याची स्वतःची फाइल बनवते, जी ब्राउझरला वाचता येत नाही. पीएनजी हवी असेल तर एक्सपोर्ट अ‍ॅज ही आज्ञा वापरावी.

लावलेले चित्र काही दिवसांनी बदलते किंवा जाते

खोक्यावर माउस नेला की चित्र ताजे करण्याचा गोल बाण दिसतो. तो दाबला की ब्राउझर पानाचा नवा स्क्रीनशॉट घेतो आणि हाताने लावलेल्या चित्राची जागा तो घेतो. सगळी चित्रे एकदम ताजी करण्याची आज्ञा तर आणखी धोक्याची. घरात एकच संगणक अनेकजण वापरत असतील तर अनेकदा हेच घडलेले असते.

याउलट तक्रार अशी की फोल्डरमधली फाइल सुधारली, तरी खोक्यात जुनेच चित्र दिसते. ब्राउझर फाइलकडे दरवेळी पाहत नाही. निवडण्याच्या क्षणी जे चित्र होते ते स्वतःकडे ठेवतो. सुधारलेले चित्र पुन्हा निवडावे लागते, आणि ते वेगळ्या नावाने जतन केलेले बरे, म्हणजे कोणते लागले आहे याबद्दल संशय उरत नाही. या कामासाठी एक स्वतंत्र फोल्डर करून त्यात प्रत्येक बुकमार्कची पीएनजी आणि गिम्पची मूळ फाइल, दोन्ही ठेवाव्यात. ब्राउझर नव्याने बसवावा लागला किंवा संगणक बदलला, तर बुकमार्क परत आले तरी चित्रेही परत येतील असे गृहीत धरू नये.

फायरफॉक्स आणि क्रोम

फायरफॉक्सच्या नव्या टॅबवरील शॉर्टकटवर माउस नेऊन तीन टिंबांतून एडिट निवडल्यास स्वतःचे चित्र लावण्याचा पर्याय मिळतो, परंतु तिथे संगणकावरील फाइल चालत नाही; चित्राचा इंटरनेटवरील पत्ताच द्यावा लागतो. तो पत्ता थेट चित्राचा असावा, चित्र असलेल्या पानाचा नव्हे. दुसऱ्या कोणाच्या संकेतस्थळावरील चित्राचा पत्ता दिला तर ते तिथून हलवले जाताच तो पत्ता निरुपयोगी होतो, म्हणून आपण स्वतः चढवलेल्या चित्राचाच पत्ता द्यावा, आणि त्या चित्रात खासगी काही नाही याची खात्री करावी.

क्रोमच्या नव्या टॅबवरील शॉर्टकटमध्ये संकेतस्थळाचे स्वतःचे लहान चिन्हच दिसते. ते बदलण्याची सोय नाही. तिथे स्पीड डायलसारखे पान देणारे एखादे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर, घ्यावे लागते. निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, ते सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागते का. केवळ चित्रे मांडणाऱ्या एक्स्टेंशनला बँकेच्या पानावरील मजकूर वाचण्याचे काहीच कारण नाही, आणि अशी परवानगी मागणारे मी तरी बसवणार नाही. दुसरी, मांडणी आणि चित्रे यांची प्रत फाइलमध्ये काढून घेण्याची सोय त्यात आहे का. कारण एक्स्टेंशन काढून टाकले की त्याने साठवलेली चित्रेही त्याच्याबरोबर जातात.